पोस्टरातली पुढची बाई

अक्का,

तुझ्या तेरवीचा फ्लेक्स अजून एसटी थांब्यावर लटकून आहे. खालची एक दोरी सुटली आहे, त्यामुळं वारं आलं की तू कमरेतून वाकतेस आणि पुन्हा ताठ होतेस. जिवंतपणी तू कुणापुढं एवढी वाकल्याचं मला आठवत नाही. मी विलासला म्हटलं, काढून घे आता. तो म्हणाला, "राहू दे नं काकू, महिना होऊ दे." लेक तुझा, फ्लेक्स तुझा, मी कोण काढा म्हणणारी?

मला लिहायला त्यानंच बसवलं आहे. तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढायचं म्हणतो, नात्यागोत्यात वाटायला. "काकू, तू सातवी शिकलेली. बालवाडीत पोरायले गोष्टी सांगितल्या तू. आईवर दोन शब्द तूच लिही." एका अंगणात जावा-जावा म्हणून आपण उभं आयुष्य काढलं आणि तुझ्यावर दोन शब्द! त्याला वाटतं मी लिहीन की मोठी जाऊ मला आईसारखी होती. होतीसच. ते मी लिहिणारच आहे. पण त्याच्या पुढचंही लिहिणार आहे, मग त्यानं छापावं नाहीतर चुलीत घालावं.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला 'अहो अक्का' म्हणायचे. तू माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी, पण मोठ्या घरची मोठी सून. माझा नवरा, म्हणजे तुझा धाकटा दीर, फौजेत. हळद फिटायच्या आत तो परत गेला आणि मला तुझ्या पदराला बांधून गेला. वावरात कुठली वाट, कुठल्या बांधावर साप, कोणत्या बाईशी किती बोलायचं, सगळं तू शिकवलंस. लढाईच्या वर्षी मी तुला 'अगं' म्हणायला लागले. दुष्काळाच्या वर्षी पुन्हा 'अहो' वर गेले, आणि ते तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत तसंच राहिलं. लोक म्हणायचे, बघा, धाकटी अजून किती मान ठेवते. तुला मात्र ते काय होतं ते ठाऊक होतं. आज पुन्हा 'तू' म्हणते आहे, कारण आज मला भांडायचं आहे, आणि भांडण 'अहो' मध्ये होत नाही.

ते पहिलं पोस्टर आठवतं का गं? बांगलादेशची लढाई होणार होणार असं रेडिओ सांगत होता. ग्रामसेवकानं पंचायतीच्या भिंतीवर खळ लावून ते चिकटवलं. कमरेएवढ्या गव्हात एक गुलाबी लुगड्याची बाई उभी, ओठ लाल, हातात विळा, निऱ्यांना इस्त्री. वर लिहिलेलं की भगिनींनो, जवान सीमेवर आहे, तुम्ही शेतात चला. आपण चार-पाच जणी निंदणाहून येत होतो, डोक्यावर गवताचे भारे, पायाला चिखल. वाचता मलाच येत होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं पाहायला लागल्या.

"शेतात चला म्हंते," तू म्हणालीस. "अन आपुन आजवर कोठी होतो वो? सिनेमाले?"

धुरपता म्हणाली, "माय, हे बाई वावरात चालली का नवऱ्याच्या वरातीत?"

आपण एवढ्या हसलो की माझा भारा खाली पडला. ग्रामसेवक बिचारा खळीचा डबा घेऊन पळाला. त्या हसण्यात तू सगळ्यात पुढं होतीस. मला तुझा तो आवाज फार आवडायचा, अक्का. घरात तो कधी निघायचा नाही. घरात भासरे, म्हणजे तुझे मालक, असायचे.

आणि मग आठ दिवसांत ते पोस्टर आपल्याच गळ्यात आलं. भासरे गाडीवरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. मांडीला पट्ट्या बांधून ते ओसरीत आडवे. यांना रजा नाही, फौजेतल्या सगळ्यांच्याच रजा बंद. आणि वावराला हरभऱ्याचा वाफसा आलेला. वाफसा कुणाची वाट पाहत नाही. गावातला प्रत्येक गडी आपापल्या तिफणीमागं, आपल्याला कोण देणार माणूस? तू तीन घरी जाऊन आलीस, पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून. तिन्ही घरांनी 'आमचं झालं की पाहू' म्हणून पाठवलं. त्यांचं होईपर्यंत आपली ओल पाताळात गेली असती.

संध्याकाळी तू वावरात ढेकूळ फोडून पाहिलंस. बोटानं आत कोरलंस. मग माझ्याकडं पाहिलंस.

"इंदू, तू धर तिफन."

मला वाटलं तू थट्टा करतेस. आपल्याकडं बाईनं काय वाट्टेल ते करावं, निंदावं, वेचावं, कापावं, डोक्यावर वाहावं. पेरणीतही ती असते, पण मागं. तिफणीमागं दोरीनं बांधलेलं सरतं ओढत यायचं आणि त्याच्या नळीत करडीचे दाणे सोडायचे. चाड्यावरची मूठ मात्र पुरुषाची. तिफणीच्या वरच्या त्या लाकडी वाटीत बाईच्या हातचं बी पडलं की पाऊस रुसतो, हे माझी आईही म्हणायची, तुझीही म्हणायची.

"बाईनं?" मी म्हटलं.

"मंग काय बैलानं?"

"लोक काय म्हंतीन?"

"लोकायच्या घरी तं जाऊन आली मी." तू हात झटकलेस. "तुया हातात जोर हाय. मी मांगं सरत्यावर राह्यते. कोनी काई म्हनलं तं मी हावो नं. सारं मायावर."

सारं मायावर. माझ्यावर. हे तीन शब्दसुद्धा नाहीत, अक्का. पण मी त्यांच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिफणीला हात लावला.

पहिल्या दोन तासात सगळं बी फेकल्यासारखं पडलं. मी डावखोरी. आईनं लहानपणी मारून मारून जेवायला उजवा शिकवला होता, पण बाकी कामाला माझा डावाच पुढं येतो. तू म्हणालीस, शुभकाम आहे, उजव्यानं टाक. उजव्या हातात मूठ राहीना. एका नळीत गच्च, दुसऱ्या नळीत काही नाही. बैल आपल्या चालीनं चाललेले, ते थोडेच थांबतात. शेवटी तूच मागून ओरडलीस, "टाक वो तुया डाव्यानं! जमीन काई हात पाह्यत नाई." मग मूठ बसली. अंगठा आपोआप दाणे सोडायला लागला. तुझं सरतं मागं, माझा चाडा पुढं. दुपारपर्यंत आपण दोघी एका लयीत चालत होतो आणि तू काहीतरी गुणगुणत होतीस. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं, हे आज तुला सांगते. त्याच दिवशी कधीतरी तू 'अगं' झालीस.

रस्त्यानं जाणारी सरकारी जीप थांबली ती त्यानंतरच्या दिवशी. शेतीखात्याचे साहेब, सोबत फोटोवाला. साहेब बांधावरूनच ओरडले, "वा वा वा! असंच राहा!" फोटोवाल्यानं हसा म्हटलं, आपण पदर नाकापर्यंत ओढले. तो म्हणाला, तोंडं दिसू द्या. तू म्हणालीस, "तोंडाचं काय काम हाय? पेरनी हातानं होते." साहेबांना ते फार आवडलं. फोटो निघाला तो तसाच. पुढं मी, पदरात अर्धं तोंड, हात चाड्यात. मागं तू, सरत्यावर वाकलेली, फोटोच्या कडेला निम्मी कापली गेलेली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या गावाचं नाव.

लढाई संपली तेव्हा ते पोस्टर छापून आलं. संक्रांतीनंतर आपण शेगावला महाराजांच्या दर्शनाला गेलो, तर स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर आपणच! वडनेरच्या एसटी स्टँडवर आपणच! तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की वळ राहिला. "पाय गं पाय, तुयावाला हात!" तू माझा हात म्हणालीस, अक्का. तेव्हा तुला तो नीट ओळखू येत होता. आपण त्या भिंतीसमोर उभ्या राहून कचोरी खाल्ली आणि एकाही माणसाला कळलं नाही की भिंतीवरच्या दोघी खाली उभ्या आहेत. आपल्या दोघींचं ते शेवटचं हसणं असावं. निदान मला त्यानंतरचं आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला नाही.

बहात्तरचा दुष्काळ काय होता हे विलासच्या पिढीला सांगून कळायचं नाही. आणि तो काय फक्त आपल्या गावात पडला होता? अख्ख्या मुलखात जमीन भेगाळली होती. पण गावाला आपल्यापुरतं कारण लागतं. पोळा बिनापाण्याचा गेला आणि मारोतीच्या पारावर माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, बाईनं तिफण धरली म्हणून. दुसरा म्हणाला, बाईनं, त्यातही डाव्या हातानं. तिसरा म्हणाला, आणि मिरवलं बी भिंतीभिंतीवर. झालं, कारण सापडलं. विहिरीचं पाणी सापडत नव्हतं, पण कारण सापडलं.

संध्याकाळी ते आपल्या अंगणात आले. भासरे काठी टेकत उभे राहिले, माझा नवरा रजेवर होता, तोही उभा. आपण दोघी दाराच्या आत. होळीला आला तेव्हा पोस्टर पाहून माझा नवरा खुलला होता, सोबतच्यांना दाखवीन म्हणाला होता. आता त्याच्या तोंडावर त्यातलं काही नव्हतं. म्हाताऱ्यांतल्या एकानं विचारलं, "मोठी सून, तू घरची कर्ती. तुया म्होरं हे झालं कसं?"

मी तुझ्याकडं पाहत होते. मला भीती नव्हती, खरंच सांगते. मला वाटलं, आता तू बोलशील. तुझी जीभ मला माहीत होती. ग्रामसेवकाला पळवणारी जीभ.

तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मी नाई म्हनत होती. इनंच आइकलं नाई."

बस. एवढंच.

पेरणीच्या मुहूर्ताला हिनं वावरात पाय ठेवायचा नाही आणि तिफणीच्या पूजेला हात लावायचा नाही, असं ठरलं. मारा-झोडा काही नाही, दंड नाही. लोक म्हणाले, सस्त्यात सुटली. माझा नवरा मान खाली घालून हो म्हणाला. तो शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस, पण पारासमोर वाकला. त्याच्यावर मी फार दिवस रागावू शकले नाही, कारण तो तिथं नव्हताच, पेरणीला. तू होतीस.

आता तुझ्या बाजूचं मीच लिहिते, म्हणजे तू वर बसून म्हणायला नको की इंदूनं एकतर्फी मांडलं. तुला तेव्हा मूल नव्हतं. भासऱ्यांनी दुसरी आणायची बोलणी चालवली होती आणि त्यांना नुसतं एक निमित्त हवं होतं. तू 'मीच धर म्हणाले' असं म्हटलं असतंस तर दुसऱ्या दिवशी तुझी पेटी अंगणात आली असती. तुला माहेरी भाऊ नव्हता. हे सगळं मला त्याच रात्री कळलं होतं. कळून घ्यायला मला शहाणं कोणी लागलं नाही.

आणि त्या वर्षी तू मला जगवलंस, तेही लिहिते. दुष्काळी कामावर आपण खडी फोडायला जायचो, माझी थोरली पोटात. तू माझ्या वाट्याची टोपली तुझ्या डोक्यावर घ्यायचीस. सुकडी वाटायचे ती निम्मी माझ्या पदरात लोटायचीस आणि म्हणायचीस, मले हे गोड मानवत नाई. तुला गोड मानवत नव्हतं! शेगावच्या कचोरीवर साखर घालून खाणारी बाई तू. पोर झाली तेव्हा दाईच्या आधी तुझे हात लागले तिला. पुढं विलास झाला तर तू त्याला माझ्या मांडीवर टाकलंस आणि म्हणालीस, दोघींचा आहे. तू माझं एवढं केलंस की तुझ्यावर धड चिडताही येईना. हाच तर खरा जाच होता, अक्का. वाईट बाईनं दगा दिला की माणूस शिव्या देऊन मोकळं होतं.

दरवर्षी पेरणीच्या दिवशी तू नवं लुगडं नेसून कुंकवाचं ताट घेऊन निघायचीस आणि मी घरी सगळ्यांच्या भाकरी थापत बसायचे. जाताना तू माझ्याकडं पाहायची नाहीस. माझ्या थोरलीला पहिलं स्थळ आलं ते 'तिफणवालीची का?' एवढं विचारून परत गेलं. दुसरं चांगलं मिळालं, पण पहिलं गेलं ते गेलंच. एकदा कपाशी वेचताना मी तुला विचारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. "अक्का, तुमी तसं काऊन म्हनलं?" तू बोंडातून कापूस ओढतच राहिलीस. "सोड वो. झालं गेलं गंगेले मियालं." गंगेला तुझं मिळालं असेल. माझं दर पेरणीला दारात उभं असायचं.

तरी ते मी माफ केलं होतं. भासरे गेले, यांचं सरलं, पारावरचे म्हातारे एकेक करून गेले. आता तुला कुणाची भीती नव्हती. मला वाटायचं, आता बोलेल. एखाद्या पेरणीला ताट माझ्या हातात देईल आणि चारचौघांत म्हणेल, बाप्पा, मीच तिला धर म्हटलं होतं. मला माफी नको होती. तेवढं एक वाक्य हवं होतं, लोकांसमोर. मी वाट पाहिली.

आणि मग ती आपली नात, विलासची पोर, अकोल्याला शेतीचं शिकायला गेली. तिथं कुठं जुन्या सरकारी पोस्टरांचं प्रदर्शन होतं. कोपऱ्यात गावाचं नाव पाहून तिनं फोटो काढून आणला आणि ओसरीवर धावत आली. "आजी! हे आपलंच वावर हाय नं? यातली तू कोणची?"

मी तिथंच विळीवर वांगी चिरत बसले होते. तू चष्मा लावलास. मोबाइल जवळ धरलास, लांब धरलास.

"पुढची," तू म्हणालीस.

पोर किंचाळलीच. "आजी, तू पेरनी केली? लढाईच्या टाइमले? बाईनं?" तिनं तुझ्या गळ्यात हात टाकले. विलास आला, सूनबाई आली. "आई, कधी सांगितलं नाई तू!" तू हसत होतीस. मागची कोण, असं पोरीनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "हे इंदू." आणि मी, विळीवर बसलेली, डाव्या हातात वांगं, तुझ्याकडं पाहत होते. तू पाहिलं नाहीस. कुंकवाचं ताट घेऊन निघायचीस तेव्हा पाहायची नाहीस, तसंच.

तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही बोललीस? का बोलू? प्रत्येक वेळी मीच का? मी ठरवलं, बघू ही किती पुढं जाते.

तू बरीच पुढं गेलीस. तालुक्याला महिला शेतकऱ्यांचा मेळावा झाला. व्यासपीठावर तुझी खुर्ची, शाल, नारळ, आणि मागं ते पोस्टर भिंतभर. एक मॅडम माइकवर म्हणाल्या, त्या काळात रूढी मोडून या माउलीनं तिफण हाती घेतली, गावाचा रोष पत्करला. रोष पत्करला! टाळ्या वाजल्या. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, अक्का. वाजवता वाजवता माझे तळहात आग आग झाले.

दुष्काळ माझ्या नावावर लावलास आणि सत्कार स्वतःच्या. पहिल्या वेळी तुझं घर मोडत होतं. या वेळी काय मोडत होतं गं? एक शाल?

घरी आल्यावर तू ती शाल घेऊन माझ्या खोलीत आलीस आणि माझ्या खांद्यावर टाकलीस. "थंडी हाय. तूच पांघर." मी घडी करून तुझ्या हातात परत दिली. तेव्हा तू म्हणालीस, "ते पोट्टे इतक्या मायेनं बोलून राह्यले होते. म्या नाई कशी म्हनू?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला कीव आली नाही. मला आजही येत नाही.

मग वारा गेला अंगावरून. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यात सगळे तुझ्या खाटेभोवती. तू मला खुणेनं जवळ बोलावलंस. तुझ्या डाव्या हातानं माझा डावा हात धरलास. माझी बोटं एकेक करून मिटवलीस, मूठ केलीस. मग तुझ्या अंगठ्यानं माझा अंगठा हळूहळू मागं-पुढं सरकवायला लागलीस. दाणे सोडतात तसा. चाड्यावर सोडतात तसा. आणि तुझ्या डोळ्यांतून सारखं पाणी.

सूनबाई हुंदका देऊन म्हणाली, "जावेवर किती जीव आहे आईंचा." विलासनं तोंड फिरवलं. कुणाला काही कळलं नाही. मला सगळं कळलं. मी तुझे डोळे पुसले, तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं, रात्रंदिवस तुझ्याजवळ बसले. ते मी कर्तव्य म्हणून केलं नाही, माझा जीव तुटत होता. पण अक्का, तू ते मला एकटीला सांगितलंस. मला एकटीला तर पहिल्यापासूनच ठाऊक होतं.

तेरवीला माझ्या हातात माइक दिला. समोर अख्खं गाव, वर थांब्यावर आहे तसलाच फ्लेक्स, त्यात तुझा मोठा फोटो आणि शेजारी पोस्टरातला तो जुना फोटो. खाली तुझं नाव, आणि 'लढाईच्या काळात तिफण धरणारी धाडसी माता'. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, तुला सांगते. म्हणणार होते, हो बापा, तिफण हिनंच धरली, मग त्याच्या पुढचा दुष्काळही हिनंच आणला, तोही लिहा खाली. विलास डोळे पुसत होता. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर. मी म्हटलं, अक्का मला आईसारखी होती, आणि बसले.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. परवा हरभऱ्याची पेरणी झाली, म्हणून आता पुढचं लिहिते.

एसटी थांब्यामागचंच आपलं वावर. आता तिफण नाही, ट्रॅक्टरला पेरणीयंत्र लावतात. पण पूजा अजून आहे. घरातली मोठी बाई यंत्राला कुंकू लावते आणि पहिली मूठ पेटीत टाकते. म्हणजे बघ, चाड्यावरची मूठ बाईचीच झाली की आता, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. विलास सकाळी माझ्या दारात आला. "काकू, चाल. आता तूच मोठी."

त्याला तो नेम माहीतच नव्हता, अक्का! मी दरवर्षी घरी राहते ती भाकरीसाठी, असंच त्याला वाटत आलं होतं. मी चपला घातल्या आणि त्याच्या मागं निघाले. एवढ्या वर्षांनी पेरणीच्या दिवशी मी आपल्या वावरात पाय ठेवला. कुणी अडवलं नाही. अडवणारं कोणी उरलंच नव्हतं. माती मऊ होती, वाफसा छान होता.

कुंकू लावलं. नारळ फोडला. घमेल्यातून हरभऱ्याची मूठ भरली.

"काकू, उजव्या हातानं," विलास हळूच म्हणाला. "पयली मूठ हाय."

"तुयी माय म्हने, जमीन हात पाह्यत नाई."

"आई म्हने? कवा?"

मी मूठ तशीच धरून ठेवली. फ्लेक्स तिथून दिसत होता, पण मागच्या बाजूनं, नुसता पांढरा. "विलास," मी म्हटलं, "त्या फोटोत पुढच्या बाईचा कोनता हात चाड्यात हाय, तेवढा पाहून ये."

"आता? काऊन?"

"पाहून ये म्हनलं नं."

ट्रॅक्टरवाल्यानं बिडी पेटवली. विलास बांध ओलांडून रस्त्यावर गेला, थांब्यापाशी पोचला, वर पाहत उभा राहिला. वाऱ्यानं तू वाकलीस, पुन्हा ताठ झालीस. त्यानं सुटलेली दोरी धरून फ्लेक्स सरळ केला आणि पुन्हा पाहिलं. मग परत यायला लागला. जाताना भरभर गेला होता, येताना सावकाश येत होता. माझ्यासमोर आला आणि माझ्या मुठीकडं पाहत राहिला.

"काकू," म्हणाला. "आई तं उजव्या..."

"हाव."

त्यानं यंत्राच्या पेटीचं झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी डाव्या हातानं मूठ सोडली.

तुझ्या लेकाला रस्त्यापर्यंत जाऊन यायला लागला, तेवढाच वेळ तुला ते एक वाक्य बोलायला लागला असता, अक्का. तेवढाच.